अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

मुंबईत घराचा मालक व्हायचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा मार्ग एके काळी भाडेकरू होणं हा होता. कागदावर जो मालक असे त्याच्या हातात काही नसे. त्याला भाडं वाढवता येत नसे, भाडेकरूला हलवता येत नसे आणि पावसाळ्यात छत गळायला लागलं की मात्र सगळी चाळ त्याच्या नावाने खडे फोडत असे. पोटमाळा काढायचा, गॅलरीत मोरी बांधायची, मुलाचं लग्न ठरलं की खोलीत पार्टिशन टाकायचं आणि शेवटी ती जागा त्याच मुलाच्या हवाली करून डोळे मिटायचे, ही मुभा ज्याला असते त्याला जगात मालक म्हणतात. गिरगावात त्याला भाडेकरू म्हणत.

आमच्या मामांची ठाकूरद्वारची खोली याच जातीची. भाडं सतरा रुपये आणि वर काही पैसे. पैसे नेमके किती यावर मामा-मामींचं एकमत नव्हतं, पण सतरा रुपयांबद्दल वाद नव्हता, कारण तो आकडा मामांच्या वडिलांपासून चालत आला होता. याचं श्रेय दुसऱ्या महायुद्धाला. त्या युद्धात जर्मनी हरली, जपान हरला, इंग्रज जिंकूनही हरले. खऱ्या अर्थाने जिंकलं ते १ सप्टेंबर १९४० या तारखेचं भाडं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने त्या दिवशी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं ठरवलं. कायदा तात्पुरता होता. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत हा तात्पुरता कायदा पन्नास वर्षं जगला. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं, की भाडं असं जुन्या आकड्याला खिळवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मामांनी हा निकाल व्यक्तिशः घेतला. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढ मिळाली. सतरा रुपयांवर चार टक्के म्हणजे अडुसष्ट पैसे. "महागाईने कंबरडं मोडलं," असं मामा त्या वर्षी म्हणाल्याचं मला स्पष्ट आठवतं.

महिन्याच्या सुरुवातीला मालकाचा मेहता पावतीपुस्तक बगलेत मारून यायचा. त्याला चहा दिला जायचा. शेवटी शेवटी तर त्या चहाची आणि खारी बिस्किटांची किंमत भाड्याच्या पुढे गेली होती, पण पावती महत्त्वाची. मामांच्या कपाटात दागिन्यांचा डबा खालच्या फळीवर होता आणि भाडेपावत्यांची फाइल वरच्या. मधूनच मालकाचं डोकं फिरे आणि तो भाडं घ्यायचंच नाकारी. हेतू असा की थकबाकी दाखवून जागा खाली करण्याचा दावा लावावा. पण मामा काय कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते त्याच दिवशी पोस्टात जाऊन सतरा रुपयांची मनीऑर्डर करायचे. ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली की मामांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे ते मुलगा मॅट्रिक झाल्यावरही दिसलं नव्हतं. "नाकारलीन!" म्हणत ते ती पावती फाइलला लावीत. न्यायालयात आपण भाडं द्यायला तयार होतो याचा तो पुरावा. तशा पाच-पन्नास नकारांवर त्यांचं घर उभं होतं.

दावे व्हायचेच. धोबी तलावच्या स्मॉल कॉज कोर्टात मूळ वादी आणि मूळ प्रतिवादी हयात असलेला खटला हा कोवळा खटला समजला जाई. मालक वारला की त्याचे वारस वादी, भाडेकरू वारला की त्याचे वारस प्रतिवादी, आणि वकीलसाहेब थकले की त्यांचे चिरंजीव काळा कोट घालून तयार. तिन्ही घराण्यांचा एकमेकांशी इतका घरोबा होई, की लग्नपत्रिका तारखेच्या दिवशी कोर्टातच हातोहात वाटल्या जात.

आता अशी जागा सोडायची कोणी? सोडायचीच झाली तर पागडी घेऊन. नव्या माणसाने जागेची जवळजवळ विकत घेण्याइतकी किंमत मोजायची, त्यातला तिसरा हिस्सा किंवा जरा जास्त मालकाला, बाकीचा जुन्या भाडेकरूला, आणि एवढं करून नव्या माणसाच्या हाती काय, तर भाडेपावती. तिच्यावर नाव चढलं की तो भाडेकरू. घर विकत घेऊन भाडेकरू होण्याची ही सोय अन्यत्र कुठे असेल असं वाटत नाही. १९४७ च्या कायद्याप्रमाणे पागडी घेणं हा गुन्हा होता, त्यामुळे हा व्यवहार रोखीत, हळू आवाजात आणि दारं लावून होई. म्हणजे कोणाकोणाचा किती रुपयांत झाला ते फक्त चाळीला माहीत असे. १९९९ च्या कायद्याने हा गुन्हा माफच नव्हे, कायदेशीर करून टाकला. पण तोवर पागडी मोजणारे आणि घेणारे दोघेही फ्लॅटच्या नादाला लागले होते.

तर तो काळ भाड्याचा होता, आणि हे मी मामांच्या प्रेमापोटी म्हणत नाही. १९६१ साली देशातल्या शहरांत ५४ टक्के घरं भाड्याची होती. निम्म्याहून जास्त! म्हणजे भाडेकरू हा नियम होता आणि स्वतःच्या घरात राहणारा माणूस अपवाद. 'बिऱ्हाड कुठे आहे?' या प्रश्नात कसलाही कमीपणा नव्हता. त्याचं साधं कारण असं की घर आधीच होतं. ते गावाला होतं. रत्नागिरीचा, साताऱ्याचा माणूस मुंबईत राहत नसे, मुंबईत कामाला असे. त्याचं पत्र गावाहून यायचं, भात गावाहून यायचं, शिमग्याला आणि गणपतीला तो गावी जायचा. मालकी म्हणजे काय ते त्याला गावच्या घराने शिकवलं होतं: असेसमेंटचा उतारा पणजोबांच्या नावावर, खाली सामाईक म्हणून चुलत-चुलत मंडळींची ही लांब यादी, कौलं कोणी फिरवायची यावर दरवर्षी पत्रव्यवहार आणि आंब्याच्या झाडावर कोर्टकचेरी. ही मालकी सोसलेल्या माणसाला मुंबईत आणखी एक घर मालकीचं हवं असं का वाटावं? वर्षाकाठी दोनशे-चारशे रुपयांत सुटत होता की बिचारा.

चाळीतल्या दाटीवाटीचा जाच नव्हता असं मात्र कोणी म्हणू नये. १९७० साली राजा ठाकुरांनी 'मुंबईचा जावई' काढला, तो नव्या जोडप्याला चाळीत दोन घटका एकांत मिळत नाही या एवढ्याच दुःखावर. दोन वर्षांत बासू चटर्जींनी त्याचाच 'पिया का घर' केला. एका दुःखावर दोन भाषांत दोन पिक्चर चालतात म्हणजे ते दुःख किती सार्वजनिक असेल बघा.

पुण्याची गोष्ट जरा निराळी. तिथे वाडा होता, वाड्यात मालकही राहत असे, आणि ओट्यावर बसून भाडेकरूच्या घरी कोण आलं, किती वेळ बसलं आणि पाणी किती वापरलं याची नोंद ठेवत असे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठचे वाडे मालक-भाडेकरू असा भेद न करता गेले. त्यानंतर गोखलेनगरकडे पूरग्रस्तांच्या वसाहती उठल्या, शहर पेठांबाहेर सरकलं, आणि कोकणस्थ-देशस्थांच्या बरोबरीने 'सोसायटी' ही नवी पोटजात पुण्यात रुजली. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, फ्लॅटच्या मालकीचा, ज्याला लोक मोफा म्हणतात, तो १९६३ चा. अशी दोन चाकं जोडून सरकारने गाडी तयार ठेवली होती. बैल यायचे होते.

ते १९७७ साली आले. त्या एका वर्षात तीन गोष्टी झाल्या. ऑक्टोबरात हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी काढली आणि पगारदार माणसाला घरासाठी कर्ज मिळू लागलं. डिसेंबरात म्हाडा अस्तित्वात आलं. आणि त्याच वर्षी 'घरौंदा' लागला, ज्यात अमोल पालेकर आणि झरीना वहाब पै-पै जमवून फ्लॅट बुक करतात आणि पैशांचं वाटोळं होतं. म्हणजे कर्ज देणारी संस्था, घर देणारं सरकारी मंडळ आणि या भानगडीत पडलात तर काय होईल याची आगाऊ सूचना, सगळं एकाच वर्षी उपलब्ध झालं. जनतेने पहिल्या दोन गोष्टी मनावर घेतल्या.

पण त्याआधी एक तारीख राहिली, आणि ती फार महत्त्वाची. १ फेब्रुवारी १९७३. भाडेकरू ठेवला की तो तीन पिढ्या हलत नाही हे पाहून शहाण्या मालकांनी युक्ती काढली होती: आम्ही जागा भाड्याने देतच नाही, नुसती वापरायची परवानगी देतो. लिव्ह अँड लायसन्स. १९७३ च्या दुरुस्तीने कायदा म्हणाला, बरं, मग त्या तारखेला ज्याच्याकडे असं चालू लायसन्स असेल तो आजपासून भाडेकरू. रात्री लायसन्सवर निजलेली माणसं सकाळी संरक्षित भाडेकरू होऊन उठली. मालकांनी याचा जो धसका घेतला तो अजून गेलेला नाही. त्यानंतर ज्याच्याकडे जास्तीची जागा होती त्याने तिला कुलूप घातलं. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या शहरांत एक कोटी अकरा लाख घरं रिकामी सापडली. एकट्या मुंबईत चार लाख ऐंशी हजार, देशात पहिला नंबर. ज्या शहरात माणसं फुटपाथवर झोपतात त्या शहरात पावणेपाच लाख कुलपं आत पंखे, टाइल्स आणि गॅसचा ओटा सांभाळत बसली होती.

आणि त्याच जनगणनेत भाड्याच्या घरांचं प्रमाण ५४ वरून २८ टक्क्यांवर आलं. अर्ध्यावर. पन्नास वर्षांत अर्धे भाडेकरू मालक झाले असा याचा अर्थ लावून कोणी पेढे वाटणार असेल तर त्याला मी थांबवतो. जनगणनेच्या फॉर्मवर तीनच खाने असतात: स्वतःचं, भाड्याचं, इतर. आता माझ्या भाच्याचं उदाहरण घ्या. त्याने बदलापूरला फ्लॅट घेतला, कारण तिथे परवडला. स्वतः ठाण्यात भाड्याने राहतो, कारण बदलापूरहून लोकलमध्ये चढणं हे रोज जमण्यासारखं काम नाही. बदलापूरचा फ्लॅट त्याने भाड्याने दिलाय. म्हणजे तो कर्जाच्या व्याजावर करसवलत घेतो, पगारातल्या घरभाडे भत्त्यावरही घेतो, महिन्याच्या पाच तारखेला भाडं वेळेवर आलं नाही म्हणून भाडेकरूवर चिडतो आणि सात तारखेला 'दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतं' म्हणून आपल्या मालकावर चिडतो. हे दोन्ही फोन त्याने माझ्यासमोर, एकाच सोफ्यावर बसून केले आहेत. प्रगणकाने याला कुठल्या खान्यात घालायचं?

स्वतःचं म्हणून जे घर असतं त्यात तरी स्वतःचं किती असतं? चाळीस-पन्नास लाख, आताशा दीड-दोन कोटी मोजल्यावर सोसायटी तुम्हाला एक शेअर सर्टिफिकेट देते. जुन्या सोसायट्यांत त्यावर लिहिलेलं असतं: पाच शेअर, प्रत्येकी पन्नास रुपये. एकूण अडीचशे. हे अडीचशे रुपयांचं सर्टिफिकेट लोक प्लास्टिकच्या फोल्डरात, कडुलिंबाच्या पाल्यासकट जपून ठेवतात. जमीन अनेकदा सोसायटीच्या नावावर झालेलीच नसते. मोफा म्हणतो बिल्डरने ती चार महिन्यांत करून द्यावी. बिल्डर कुठले चार महिने ते सांगत नाही. म्हणून २००८ मध्ये सरकारने मानीव अभिहस्तांतरण आणलं, ज्याचा उच्चार करता येईपर्यंत निम्मी कमिटी बदलते. नवी मुंबईत सिडकोचं घर घेतलं, तर खालची जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असे. वर मालक, खाली भाडेकरू. मजला नीट सांभाळून चालावं लागे.

तरीही मालकीची ओढ काही कमी झाली नाही. लग्नाच्या बाजारात 'मुंबईत खोली आहे' या तीन शब्दांवर ज्यांची लग्नं झाली त्यांचीच आता 'स्वतःचा टू बीएचके, कर्जमुक्त' अशी अट. आत्याची नात तेवढी निराळं बोलते. ती म्हणते, दीड कोटीचा फ्लॅट मला पस्तीस हजार भाड्यात मिळतोय, म्हणजे मालकाला वर्षाला तीन टक्केसुद्धा सुटत नाहीत. तोच मी घेतला तर सव्वा कोटीच्या आसपास कर्ज आणि महिना लाखावर हप्ता. मग मूर्ख कोण? गणित बरोबर आहे. आत्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि भिंतीला खिळा ठोकायचा झाला तर कोणाला विचारशील?" यावर त्या हुशार मुलीला उत्तर सुचलं नाही. आपल्याकडची सगळी गृहकर्जं या खिळ्यावर टांगलेली आहेत.

मालक झालेल्या या मंडळींनी भाडेकरूंना काय वागणूक दिली, ते आता सांगतो. जी पोरं सतरा रुपयांच्या खोलीत वाढली, ज्यांच्या बापांनी मनीऑर्डरींवर जागा टिकवल्या, तीच पुढे मुलुंड, डोंबिवली, पार्ल्याच्या सोसायट्यांत चेअरमन-सेक्रेटरी झाली. भाडेकरू किती चिवट असतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? घरातच धडा मिळालेला. त्यांनी अकरा महिन्यांचा करार धर्मासारखा पाळला. खरं तर अकराचं माहात्म्य एवढंच, की वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सक्तीची नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याने प्रत्येक लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची केली. केली नाही तर मालकाला शिक्षा. म्हणजे अकराचं काहीही प्रयोजन उरलं नाही. बारा करा, तेवीस करा, नोंदणी व्हायचीच. तरी अकराच. कारण विचारलं तर सांगतात, "अकराच असतात."

आमच्या इमारतीचे चेअरमन या बाबतीत फार कडक. मूळचे लालबागचे, बँकेतून निवृत्त. जिन्याखालच्या काचेच्या पेटीत त्यांचं एक परिपत्रक कायमचं लावलेलं असे. भाडेकरूंनी पोलीस पडताळणीची प्रत, फोटो आणि आधार कार्ड जमा करावं. भाडेकरूंनी गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. भाडेकरूंकडे रात्री दहानंतर पाहुणे आल्यास पूर्वकल्पना द्यावी. भाडेकरूंनी आवारात वाहन 'आल्पकाळ' उभे करावे. हा आल्पकाळ किती, यावर एका सभेत अर्धा तास चर्चा झाली होती. शब्द चुकलाय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. शिवाय स्वतः न राहता जागा भाड्याने देणाऱ्या मालकाकडून बिनभोगवटा शुल्क. सरकारने २००१ साली ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर बांधून टाकलं, याचा चेअरमनना शेवटपर्यंत राग होता.

मग आमची इमारत पुनर्विकासाला गेली. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आणि सळया अशा बाहेर आलेल्या की त्यांच्यावर टॉवेल वाळत घालता येई. सहकार कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या सभा झाल्या, बिल्डर ठरला, आणि एका सकाळी छत्तीस महिन्यांसाठी आम्ही सगळे मालक भाडेकरू झालो. बिल्डर दरमहा भाडं देणार, पुढच्या तारखांचे चेक, वर दलालीचे आणि सामान हलवायचे पैसे. चेअरमननी खाकी पाकिटातले चेक दोनदा मोजले आणि म्हणाले, "एवढ्यात आरामात मिळेल." पण आमच्याबरोबर गल्लीतल्या आणखी दोन इमारती रिकाम्या झाल्या होत्या. एकाच परिघात, एकाच आठवड्यात, हातात चेक घेतलेली तीनेक इमारतींची माणसं हिंडू लागल्यावर भाड्यांचं जे व्हायचं ते झालं. शिवाय तिन्ही इमारतींची एकच अट: भाजीवाला तोच हवा.

चेअरमनना समोरच्या सोसायटीत जागा मिळाली. मालक बंगळूरला नोकरीला, वय तिशीचं. त्याने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. चेअरमन इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. वहिनी मागे दिसतील अशा बेताने.

"अंकल, फॅमिली आहे ना?"

"ही काय," म्हणत चेअरमननी फोन वहिनींकडे वळवला.

"बाकी कोण येऊन-जाऊन?"

"मुलगी. पुण्याला असते. नातू."

"नातू किती वर्षांचा? भिंतीवर लिहितो का?"

पासष्टी ओलांडलेल्या, दोन टर्म बिनविरोध निवडून आलेल्या माणसाने यावर "नाही हो, शहाणा आहे," असं मवाळ आवाजात सांगितलं. वहिनी नंतर म्हणाल्या, मुलीच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा हे इतके नरम नव्हते.

मग ऑनलाइन नोंदणीवाला एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. वहिनींचा अंगठा पहिल्या झटक्यात उमटला. चेअरमनचा उमटेना. आयुष्यभर नोटा मोजल्याने बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. एजंटने हात धुवायला लावले, पुसायला लावले, मग खोबरेल लावायला लावलं, मग ते पुसायला लावलं. डावा अंगठा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं. "काका, जरा जोर द्या. एवढा नको. काका, सोडा." मालकीच्या फ्लॅटच्या खरेदीखताला ज्या माणसाने शाईच्या पेनाने झोकात सही केली होती, तो अकरा महिन्यांच्या परवानगीसाठी दहा बोटांची परेड करत होता. शेवटी करंगळीवर काम भागलं.

त्यानंतर समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी नियमावली घेऊन आले. पोलीस पडताळणी, फोटो, आधार. गच्चीवर पापड नाहीत. रात्री दहानंतर पाहुणे आल्यास पूर्वकल्पना. चेअरमन वाचत गेले, मान डोलावत गेले. नियम चांगलेच होते, पटण्यासारखे होते. शेवटच्या ओळीशी मात्र थांबले. वाहन 'आल्पकाळ' उभे करावे. त्यांनी कागद उलटसुलट केला. काही वर्षांपूर्वी आमचं परिपत्रक त्या सोसायटीने आदर्श म्हणून झेरॉक्स करून नेलं होतं. फक्त वरचं नाव बदललेलं. चेअरमननी पेन काढलं, 'आ'चा काना खोडला आणि मुकाट्याने सही केली.

अकरा महिने संपत आले तसा बंगळूरचा फोन आला: नवं भाडं पाच हजारांनी जास्त, नाहीतर जागा द्या. बिल्डरचा चेक तेवढाच. आता छत्तिसाला अकराने भाग जात नाही हे गणित चेअरमनना उशिरा दिसलं. तीन बिऱ्हाडं करूनही तीन महिने उरतात, आणि तीन महिन्यांसाठी साठीपुढच्या जोडप्याला जागा देणारा मालक अजून जन्माला यायचाय. लालबागचं रक्त उसळलं. ते वकिलाकडे गेले आणि विचारते झाले, समजा मी हललोच नाही तर? भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करीन! वकील नव्या पिढीचा होता. त्याने समजावलं, की काका, ते दिवस गेले. लायसन्सची मुदत संपून राहिलात तर कलम चोवीसप्रमाणे दुप्पट पैसे भरावे लागतील, आणि सक्षम प्राधिकाऱ्यापुढे फार तारखाही पडत नाहीत. फार तारखा पडत नाहीत हे ऐकून चेअरमनना पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं.

परत आले ते ठरवूनच. तिन्ही इमारतींतल्या विस्थापितांचा त्यांनी व्हॉट्सॲप गट काढला, नाव 'भाडेकरू हक्क समिती', आणि तिचे अध्यक्ष अर्थातच तेच. पहिली सभा गणपतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये. विषय तीन: बिल्डरकडून भाडेवाढ, मालकांची अरेरावी आणि भाडेकरूंना गच्चीवर पापड वाळत घालण्याचा अधिकार. गेल्या वीस वर्षांत आमच्या सोसायटीची एकही सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब झाल्याशिवाय सुरू झालेली नाही. या सभेला सहाची वेळ दिली होती. पावणेसहाला खुर्च्या कमी पडल्या.